कळसूबाईला जायचे तर…

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



गेल्या सभेत मी सहज बोलून गेले, की मंडळाची यंदाची सहल कळसूबाईच्या शिखरावर न्यावी. त्यावर बराच गलका झाला. कोणी हसल्या, कोणी म्हणाल्या, "हे काय वय आहे डोंगर चढायचे?" कोणी विचारले, "आणि घरी कोण बघणार?" शेवटी चिटणीसबाईंनी सांगितले, की पुढच्या सभेत सगळा बेत नीट मांडा, मग काय ते ठरवू. म्हणून आज उभी आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. पण दोन नणंदांची आणि एका दिराची लग्ने मी या हातांनी काढली आहेत. किती माणसे, किती पाट, किती वाजता काय, हे सारे आधी मनाशी मांडल्याशिवाय कार्य पार पडत नाही, हे आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. डोंगर चढणे हेही तसलेच एक कार्य समजा.

आधी ठिकाण सांगते. कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. पूर्वीच्या अहमदनगर आणि २०२४ पासून अहिल्यानगर म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, आपल्या नाशिक जिल्ह्याच्या शिवेला लागून ते आहे. पायथ्याचे गाव बारी. येथून मुंबईच्या रस्त्याने घोटी, आणि घोटीहून भंडारदऱ्याच्या रस्त्याने बारी. बसला दोन तास धरावेत.

५४०० फूट ऐकून घाबरू नका. बारी गावच मुळी निम्म्या उंचीवर वसलेले आहे. निम्मा डोंगर आपण बसमध्ये बसून चढतो. राहिलेले अडीच-पावणेतीन हजार फूट मात्र पायांनी. वणीच्या सप्तशृंगीच्या पाचशेच्या वर पायऱ्या आपल्यातल्या बहुतेकींनी चढलेल्या आहेत. पायरी सात इंचांची धरली, तर ते तीनशे फूट होतात. म्हणजे हिशेबाने कळसूबाई ही नऊ सप्तशृंगी. आकडा मोठा आहे, तो मी लपवीत नाही. पण हातात चार तास आहेत, हेही ध्यानात घ्या.

वाट कशी आहे? गावातून शेतांच्या कडेने निघते. थोडे वर गेल्यावर देवीचे एक देऊळ लागते. ज्यांना शिखर झेपत नाही त्यांनी तेथेच दर्शन घ्यावे, अशी सोय आहे. पुढे चढ सुरू होतो. तीन-चार ठिकाणी उभा कातळ आहे, तेथे लोखंडी शिड्या बसवल्या आहेत व धरायला कठडे आहेत. मध्येमध्ये गवताची सपाटी येते, तेथे बसून दम घेता येतो. शिखराच्या अलीकडे एक विहीर आहे. मग शेवटची शिडी, आणि वर लहानशा माथ्यावर देवीचे छोटेसे देऊळ. वरच्या भागात सावली जवळजवळ नाही. नुसते गवत, कातळ आणि वारा. आभाळ स्वच्छ असेल तर पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले एका ओळीत दिसतात, दक्षिणेकडे रतनगड व हरिश्चंद्रगड, आणि खाली भंडारदऱ्याचे पाणी. ते धरण १९२६ साली पुरे झाले. प्रवरा नदी तेथूनच जवळ, रतनगडाच्या डोंगरात उगम पावते.

दुरून डोंगर साजरे म्हणतात. मला मात्र तो दुरूनच पुष्कळ झाला आहे. माझे माहेर अकोले तालुक्यातले. आमच्या खळ्यातून हिवाळ्यात शिखर स्पष्ट दिसे. नवरात्रात वर जत्रा भरते. भाऊ, चुलते, गावातली पोरे पहाटे निघत. नैवेद्याच्या पुरणपोळ्या आई आणि मी रात्री जागून करीत असू व फडक्यात बांधून देत असू. पोळी वर जाई, आम्ही खाली राहत असू. आई रोज सकाळी सडा टाकून झाल्यावर तिकडे तोंड करून हात जोडी. वयाच्या साठाव्या वर्षी ती गेली. साठ वर्षे नजरेसमोर असलेला डोंगर तिने एकदाही पायाखाली घातला नाही. कोणी तिला अडवले होते असे नाही. "तू येतेस का?" असे कोणी विचारलेच नाही, आणि तिनेही कधी म्हटले नाही. मला वाटते, आपल्यातल्या बऱ्याच जणींचे पुष्कळसे असेच राहून गेलेले असते.

आता देवीची कथा ऐका, कारण माझे सगळे म्हणणे त्या कथेत आहे. कळसू ही कोळ्याची मुलगी. ती डोंगराच्या पायथ्याच्या गावात एका घरी कामाला राहिली. राहण्यापूर्वीच तिने अट घातली, की मी भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केले. बरेच दिवस सुखाने गेले. मग एक दिवस घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला सांगितली. तिने तोंडातून शब्द काढला नाही. भांडी घासून ठेवली, डोंगराची वाट धरली आणि शेवटपर्यंत शिखरावरच राहिली. तीच कळसूबाई.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले. पूर्वी वाटे, भांडी घासण्यात काय एवढे? आपण तर जन्मभर घासतो. आता वाटते, गोष्ट भांड्यांची नाहीच. गोष्ट अटीची आहे. तिने अट आधी सांगितली होती. आपण बायका कामाला आधी लागतो आणि कुरकूर मागाहून करतो. डोंगरावर तर मागाहून कुरकूर करून काहीच उपयोग नाही, कारण तेथे पाय थकलेले असतात, सूर्य कललेला असतो आणि डोके ठिकाणावर नसते. म्हणून मी आज चार अटी मांडते. त्या येथे, सतरंजीवर बसून, शांत डोक्याने मान्य करावयाच्या आणि वर गेल्यावर मोडावयाच्या नाहीत.

पहिली अट दिवसाची.

पावसाळ्यात जायचे नाही. तरुण मुले जातात, जाऊ देत. धुके दाटते, शिड्या निसरड्या होतात. मे महिन्यात व ऑक्टोबरात दुपारनंतर विजांचे भय असते, आणि उघड्या माथ्यावर लोखंडी कठडा धरून उभे राहण्याची ती वेळ नव्हे. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही. म्हणून डिसेंबर चांगला. त्यातही शनिवार-रविवार नको, शिड्यांवर गर्दी होते व मागच्याच्या घाईने पुढचीचा पाय चुकतो. मंगळवार, शुक्रवार, चतुर्थी, एकादशी नको, कारण आपल्यात उपास करणाऱ्या पुष्कळ आहेत. मार्गशीर्षातले गुरुवारही त्याच कारणाने नकोत. उपाशी पोटी हा डोंगर चढणे म्हणजे वाटेत भोवळ येण्याची तयारी. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांना तर ते फारच धोक्याचे. देवी काही उपाशी या म्हणत नाही. तेव्हा बुधवार बरा. तोच धरावा असे मी सुचवते.

दुसरी अट वेळेची, आणि ही सर्वांत महत्त्वाची.

माझा भाचा डोंगर चढणाऱ्या मुलांत असतो. त्याने मला एक हिशेब शिकवला. स्कॉटलंडात नेस्मिथ नावाच्या गृहस्थांनी १८९२ साली तो मांडला. तिकडचे डोंगरही उघडे, गवताचे, वाऱ्याचे आणि अवचित धुके येणारे. हिशेब असा : सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि चढ असेल तर दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपली वाट एका बाजूने साधारण चार मैल. म्हणजे चालण्याचा एक तास वीस मिनिटे. चढ सत्तावीसशे फूट. त्याचाही जवळजवळ तेवढाच वेळ. मिळून दोन तास चाळीस मिनिटे. पण हा हिशेब सवयीच्या, धडधाकट माणसाचा. त्यात आपण आपला दीडपट करू. चार तास. उतरायला तीन तास धरू. उतार सोपा वाटतो, पण गुडघ्यांची खरी परीक्षा उतारावरच होते, आणि बहुतेक जणी घसरतात त्याही उतरताना.

आता दिवस मांडा. पहाटे साडेचारला येथून बस. साडेसहाला बारी. चहा, हातपाय धुणे वगैरे उरकून सातला, उजाडता उजाडता चालायला लागायचे. अकराला माथ्यावर. कोणाला उशीर झाला तर बारा. बारा वाजले की जेथे असू तेथून मागे फिरायचे. शेवटची शिडी समोर दिसत असली तरी फिरायचे. कळस डोळ्यांसमोर असला तरी फिरायचे. बाराला फिरलो तर तीन-साडेतीनला खाली. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे अडीच तास हातात राहतात. कोणाचा पाय मुरगळला, कोणाला चालवेना झाले, तर ते अडीच तास कामास येतील. अंधारात लोखंडी शिडी उतरण्याची पाळी येऊ द्यायची नसेल, तर ही शिल्लक खर्च करावयाची नाही. घरखर्चात आपण महिन्याच्या शेवटी लागेल म्हणून डब्यात काही मोडून ठेवतो की नाही? तसेच हे.

मला माहीत आहे, बारा वाजता कोणीतरी म्हणेलच, "एवढे आलो, आता दहा मिनिटांसाठी कशाला मागे?" म्हणूनच ही अट आज मान्य करून घ्यायची. हातात घड्याळ मी बांधीन, आणि त्या दिवशी माझ्याशी कोणी वाद घालावयाचा नाही. मी स्वतः माथ्याखाली वीस पावलांवर असले, तरी मीही फिरेन. चाळीस वर्षे थांबले, आणखी एक वर्ष थांबेन.

तिसरी अट एकमेकींना धरून राहण्याची.

सर्वांत सावकाश चालणारी असेल तिने पुढे चालायचे. नेहमी होते उलटे. तडफदार बायका पुढे जातात, बसून वाट पाहतात, मागची धापा टाकीत पोचली की लगेच उठतात. म्हणजे जिला विसाव्याची गरज तिला तो मिळतच नाही. सावकाश चालणारी पुढे असली की साऱ्या तिच्या पावलाने चालतात. चाल ओळखण्याची खूण सोपी आहे : चालता चालता शेजारणीशी बोलता आले पाहिजे. बोलताना दम तुटू लागला की चाल कमी करायची. आपल्या मंडळात बोलण्याची तर कमतरता नाही, तेव्हा ही परीक्षा आपोआप होईल.

प्रत्येकीची एक जोडीदारीण ठरलेली असेल. शिडीच्या खाली आणि वर मोजणी होईल. शिडीवर एका वेळी थोड्याच जणी. धुके आले तर जेथे असू तेथे एकत्र बसायचे, वाट शोधायला एकटीने जायचे नाही. बारीतल्या एखाद्या माहितगार माणसाला किंवा बाईला बरोबर घ्यायचे. त्यांना त्यांची मजुरी घासाघीस न करता द्यायची. परत आल्यावर पिठले-भाकरीचे जेवणही गावातल्याच घरी सांगून ठेवू. त्या घरातल्या बाईलाही दोन पैसे मिळतील, आणि एक दिवस दुसरीच्या हातचे आयते गरम जेवण आपल्यालाही मिळेल.

कोपऱ्यावरच्या घरातल्या आजींचा प्रश्न गेल्या सभेत निघाला होता. त्या सदुसष्ट वर्षांच्या. त्यांना यायचे आहे. काही जणी म्हणाल्या, त्यांना घेतले तर साऱ्यांचाच खोळंबा. मला ते पटत नाही. आपण दोन तुकड्या करू. एक तुकडी खालच्या देवळापर्यंत जाईल. तेथे दर्शन घेईल, गवतावर बसेल, गप्पा मारील, सावकाश खाली येईल. दुसरी वर जाईल. खालच्या तुकडीबरोबर दोन धडधाकट जणी राहतील, आणि त्या कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरवू, म्हणजे कोणावर उपकार नको. देवळापर्यंत जाणारी बाईसुद्धा कळसूबाईला जाऊनच आलेली असेल. तेथे ते देऊळ बांधणाऱ्यांनी हा विचार आपल्या आधी केलेला आहे.

ज्यांना रक्तदाबाचा, हृदयाचा, मधुमेहाचा किंवा दम्याचा त्रास आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांना आधी विचारून यावे आणि ते काय म्हणाले ते मला खरे सांगावे. औषधे स्वतःजवळ ठेवावीत, बसमध्ये पिशवीत नकोत.

चौथी अट घराची. येथे जरा कान देऊन ऐका.

सहलीला जायचे म्हणजे आपण काय करतो? आदल्या दिवशी दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवतो. रात्री बारापर्यंत ओटा पुसतो. तीनला उठून चहाची तयारी, नातवंडांचे डबे, सासऱ्यांची औषधे. आणि मग न झोपलेली बाई बसमध्ये बसते. असल्या अंगाने पावणेतीन हजार फूट चढणे म्हणजे स्वतःच्या जिवाशी खेळ. म्हणून अट अशी, की आदल्या रात्री नऊला आडवे व्हायचे, आणि घरचा दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक करून ठेवायचा नाही. घरात भात-आमटी करू शकेल असे कोणी ना कोणी असतेच. नसेल, तर आपल्याकडे आठ दिवस आहेत, शिकवू. हे घरी आज रात्रीच सांगावे. निघण्याच्या आदल्या दिवशी नको. कळसूने अट घातली ती कामाला राहण्यापूर्वी, हे विसरू नका. आणि भांडणाच्या सुरात सांगण्याचेही कारण नाही. माझ्या घरी मी सांगितले, तेव्हा हे म्हणाले, "खिचडी मला येते. तू चांगले बूट घे." मी मनात चार उत्तरे तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

जपानच्या जुन्को ताबेई यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. १६ मे १९७५ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. तेव्हा त्या पस्तीस वर्षांच्या होत्या आणि घरी लहान मुलगी होती. बायकांच्या गिर्यारोहणाचे एक मंडळ त्यांनी १९६९ साली काढले होते. पैसे पुरेनात म्हणून त्यांनी पियानोच्या शिकवण्या केल्या आणि मोटारीच्या आसनांची जुनी आवरणे कापून हातमोजे व पिशव्या शिवल्या. हे वाचले तेव्हा मला हसू आले. जुन्या कापडातून पिशव्या शिवणे हे तर आपल्याच मंडळातले काम! आपल्याला एव्हरेस्ट नको. पण बायकांनी मंडळ काढावे, वर्गणी जमवावी आणि डोंगरावर जावे, ही काही अचाट गोष्ट नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता सामानाचे.

पायांत चप्पल नको. पकड घेणारे, मागून बंद असलेले बूट, आणि तेही आधी पंधरा दिवस वापरलेले. नवे बूट डोंगरावर पायाला फोड आणतात. अंगात सलवार-कमीज असावी. ज्यांना नऊवारीची सवय आहे त्यांनी काष्टा घालून खुशाल यावे, आपल्या आज्या त्यातच डोंगर चढत. पाचवारीचा घोळ मात्र शिडीवर पायात येतो, ती नको. हातांत काचेच्या बांगड्या नकोत, कठडा धरताना फुटतात. ज्यांना रिकामे हात चालत नाहीत त्यांनी एक साधे कडे घालावे. दागिने घरी. हजार मीटर वर गेले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. माथ्यावर बारीपेक्षा पाचेक अंशांनी थंडी जास्त, वर वारा. म्हणून कानाला रुमाल आणि एक स्वेटर. एक काठी. उन्हासाठी टोपी किंवा डोक्यावरून पदर.

शिदोरी म्हणून प्रत्येकीने तीन दशम्या, कोरडी चटणी, शेंगदाणा-गुळाचे चार लाडू, दोन संत्री. लोणच्याची बरणी कोणी आणू नये, कोणीतरी आणतेच म्हणून सांगते. माकडे पिशव्या ओढतात, तेव्हा खाणे पाठीवरच्या पिशवीत बंद असावे. पाणी प्रत्येकी तीन लिटर. विहीर आहे म्हणून तिच्यावर विसंबू नये. एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी. प्रमाण : एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. वर नेलेला एकूण एक कागद, पिशवी, बाटली परत खाली आणायची. १९८६ सालापासून तो सारा प्रदेश अभयारण्य आहे, आणि तसे नसते तरी देवीच्या अंगणात कचरा टाकणे आपल्याला शोभत नाही.

आता एक गोष्ट मोकळेपणाने बोलते, कारण येथे आपण आपणच आहोत. बायका प्रवासात पाणी पीत नाहीत. का, ते सगळ्यांना माहीत आहे. आडोसा मिळत नाही. मग दुपारी डोके धरते, पायांत गोळे येतात, लघवीची जळजळ आठवडाभर पुरते. डोंगरावर हे चालणार नाही. वाटेवर सोय नाही, म्हणून गावातून निघण्यापूर्वी सर्वांनी जाऊन यावे. वर लागल्यास दोघींनी जुने पातळ धरून आडोसा करावा. मी दोन पातळे त्यासाठीच घेणार आहे. कोणी लाजू नये आणि कोणी हसू नये. दर अर्ध्या तासाने मी थांबवीन तेव्हा चार घोट पाणी प्यायचेच. कोणाची महिन्याची अडचण आली, तर तिने तशी सोय करून यावे, यायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे. तिला कोणी विचारणार नाही आणि तिने कोणाला सांगण्याचीही गरज नाही.

फोन बरोबर असू द्या, पण डोंगरावर तो लागेलच असे धरून चालू नका. किती जणी, कोणत्या वाटेने, किती वाजेपर्यंत परत, हे एका कागदावर लिहून एक प्रत मंडळात, एक बसच्या चालकाजवळ आणि एक बारी गावात ठेवू. संध्याकाळी पाचपर्यंत खाली आलो नाही, तर काय करायचे तेही त्यावर लिहिलेले असेल.

शेवटी तयारी. उद्यापासून सहा आठवडे, रोज पाऊण तास चालणे. पहिल्या दोन आठवड्यांत सपाटीवर. पुढे आठवड्यातून दोनदा पांडवलेण्याच्या पायऱ्या, आधी एकदा चढून-उतरून, शेवटी लागोपाठ तीनदा. पाठीवर पाण्याची पिशवी घेऊन. ज्या दिवशी लागोपाठ तीनदा चढून शेजारणीशी नीट बोलता येईल, त्या दिवशी समजा आपण तयार झालो. जी सहा आठवड्यांत एकदाही पांडवलेण्याला येणार नाही, तिने वरच्या तुकडीत नाव घालू नये. हे मी मैत्रीण म्हणून सांगते. दरम्यान चार जणी एकदा बारीला जाऊन येऊ, वाटाड्या व जेवण ठरवू. एस.टी.त १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मे तिकीट सुरू झाले, त्याचा लाभ घेऊ.

खजिनदारबाईंनी बसचे भाडे विचारले आहे. माणशी वर्गणी त्या सांगतील. ज्यांना एकदम देणे जड जाते त्यांनी तीन हप्त्यांत द्यावी. पैशासाठी कोणी मागे राहू नये, अशी मी कार्यकारिणीला विनंती करते.

पुढच्या शनिवारपर्यंत चिटणीसबाईंकडे एक चिठ्ठी द्या. त्यावर चार गोष्टी लिहा : नाव, कोणती तुकडी, कोणते औषध चालू आहे, आणि घरी सांगितले की नाही. चौथ्या प्रश्नापुढे "अजून नाही" असे असेल, तर चिठ्ठी परत येईल. ज्यांच्या घरी बोलणे कठीण आहे, त्यांनी तसे कळवावे. अध्यक्षीणबाई आणि मी स्वतः येऊन बसू, चहा घेऊ आणि बोलू. आजवर अध्यक्षीणबाईंचा शब्द या पेठेत कोणी मोडलेला नाही.

 चिठ्ठ्यांचे कागद दाराशी ठेवले आहेत. पेन्सिलही आहे.